'नाही' ऐकण्याची सोय

विद्यापीठाच्या हिशेबात सगळं संशोधन सारखंच. कोणी गुरुत्वीय लहरींच्या गणितावर प्रबंध लिहितो, कोणी खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या झिजेवर, कोणी लघुउद्योजकांना दिलेल्या प्रशिक्षणाचं पुढे काय झालं यावर. पदवी तिघांना एकच मिळते, बढतीसाठी शोधनिबंध मोजायची रीत एकच, आणि त्या निबंधांचा दाखला किती जणांनी दिला याची आकडेमोडही एकच. पण 'सिद्ध झालं' या शब्दाचा अर्थ मात्र तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लावावा लागतो. सैद्धांतिक भौतिकीत एखादं भाकीत शंभर वर्षं निकालाची वाट पाहत पडून राहतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. हाडांच्या शस्त्रक्रियेत कल्पना सुचल्यावर थोड्याच काळात ती कोणाच्या तरी गुडघ्यात बसवलेली असते. उद्योजकतेच्या अभ्यासात तर पुस्तक खपलं की पुष्कळदा सिद्धांत सिद्ध झाल्यातच जमा. या तिन्हींवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न निघाला की आपल्याकडे एक उतरंड ठरलेली असते: भौतिकी वर, वैद्यक मध्ये, व्यवस्थापन तळाला. गणित जितकं अवघड तितकं शास्त्र पक्कं, असा तिच्यामागचा हिशेब. मला ही उतरंड चुकीची वाटते. या तीन क्षेत्रांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा जमाखर्च पाहिला तर भरवशाचं माप वेगळंच दिसतं. 'तुमचं चुकलं' हे ऐकण्याची त्या क्षेत्राने काय सोय करून ठेवली आहे आणि ते ऐकू येईपर्यंतच्या काळाची किंमत कोण मोजतं, यावरून ते माप ठरतं.

ही सोय किती टोकाला नेता येते याचा नमुना भौतिकीतच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांच्या नोंदींत एक सुरेख खूण उमटली. दोन जड, मृत तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत एकरूप होताना जशी लहर उठावी, अगदी तशी. ती बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या बाजूने आल्यासारखी वाटली म्हणून तिचं टोपणनाव 'बिग डॉग' पडलं. शेकडो जणांनी सहा महिने ती पिंजून काढली आणि निबंधाचा मसुदाही तयार केला. गोम एकच होती. उपकरणांत मुद्दाम खोटी खूण सोडण्याची मुभा काही मोजक्या माणसांना दिलेली होती, आणि त्यांनी ती कधी सोडली, सोडली तरी की नाही, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी सगळे जमले, लखोटा उघडला गेला आणि खूण बनावट निघाली. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटेल. पण १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर आली तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, ही कोणी सोडलेली तर नाही ना? वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजारांशांएवढाच फरक पडला होता. एवढ्याशा हालचालीवर जगाने विश्वास ठेवला, कारण स्वतःला फसवून पाहण्याचा सराव या मंडळींनी आधीच केला होता. उपकरणांच्या गोंगाटातून अशी खूण वेचायला कोणत्या गाळण्या लावायच्या, याचं गणित पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच मांडून ठेवलं होतं.

भौतिकीत उशीर हा दोष धरत नाहीत, आणि ते रास्तच आहे. पाउलीने १९३० मध्ये सुचवलेला न्यूट्रिनो १९५६ मध्ये सापडला, हिग्ज कणाला १९६४ पासून ४ जुलै २०१२ पर्यंत थांबावं लागलं, आइनस्टाइनच्या १९१६ च्या लहरींना त्याहून दुप्पट काळ. या सगळ्या काळात कोणाचं हाड मोडलं नाही की दुकान बुडालं नाही. मात्र उशीर वेगळा आणि पळवाट वेगळी. बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी १९४८ मध्ये मांडलेला स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत बघा. विश्व कोणत्याही काळी पाहिलं तरी सर्वसाधारणपणे सारखंच दिसलं पाहिजे, असं त्यात ठणकावून सांगितलेलं होतं. इतकं ठणकावून, की दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजदाद आणि १९६५ मध्ये जाहीर झालेलं पार्श्वप्रारण यांनी तो घायाळ झाला. जयंत नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली आणि २०२५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत महास्फोटाच्या सिद्धांतावर ते शंका घेत राहिले. बहुतेक विश्वशास्त्रज्ञांना त्यांचं पटलं नाही. पण हरण्याची तयारी ठेवून मांडलेला हा सिद्धांत होता, आणि म्हणूनच तो हरू शकला. स्ट्रिंग सिद्धांताचं नेमकं इथे अडतं. १९८४ मध्ये ग्रीन आणि श्वार्झ यांच्या निबंधानंतर पिढीतली उत्तमोत्तम डोकी त्याकडे वळली. त्यातून निघालेलं गणित अस्सल आहे, गणितज्ञांनीही ते उचललं आहे. पण त्या समीकरणांना मान्य असलेल्या विश्वांची संख्या १ वर ५०० शून्यं इतकी सांगितली जाते, तेव्हा आपलं विश्व कसंही निघालं तरी ते त्यात बसणारच. त्याच्या नात्यातली महासममिती निदान कण दाखवीन असं म्हणत होती. जिनिव्हाच्या महाकाय त्वरकात ते कण अजून सापडलेले नाहीत आणि भाकीत मात्र दर वेळी अधिक वजनदार कणांकडे सरकत गेलं. प्रयोगाविना सिद्धांताला मान्यता द्यावी का, यावर डिसेंबर २०१५ मध्ये म्युनिकला खास परिषद भरली. एलिस आणि सिल्क यांनी आदल्याच वर्षी 'नेचर'मध्ये अशा मान्यतेला कडाडून विरोध केला होता. गणिताच्या उतरंडीत स्ट्रिंग सिद्धांत सर्वांत वर बसतो. 'नाही' ऐकण्याच्या मापाने तो तारापूरच्या कापड कारखान्यांतल्या एका प्रयोगापेक्षाही खाली उतरतो. त्या प्रयोगाकडे पुढे येऊच.

हाडांच्या वैद्यकात वाट पाहण्याची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून तिथला इतिहास जरा जवळून पाहावा लागतो. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया मुख्यतः जॉन चार्नली या इंग्रज सर्जनची देणगी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मांडीच्या हाडाच्या धातूच्या गोळ्यासाठी टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. घर्षण कमी, रुग्ण चालू लागले, सगळीकडे वाहवा. सुमारे ३०० जणांना ती वाटी बसवून झाल्यावर दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा सांध्याभोवती साठू लागला आणि आजूबाजूचं हाड खाऊ लागला. चार्नलीने तो भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला आणि तिथे गाठी येतात का ते पाहिलं. आल्या. पुढचं वळण तर अधिकच बोलकं आहे. त्याच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन नावाच्या तंत्रज्ञाकडे एका विक्रेत्याने घट्ट पॉलिथिनचा तुकडा आणून दिला. चार्नलीने तो नखाने खरवडून पाहिला आणि बाजूला सारला. तो परदेशी गेला असताना क्रेव्हनने आपल्या झीजयंत्रावर तो तुकडा चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नव्हतं. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिनच्या वाट्या बसू लागल्या आणि सुधारित रूपात आजही बसतात. या गोष्टीत थोर कोण, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्या कार्यशाळेत गुरूचं न ऐकता चालणारं एक यंत्र होतं, याला मी अधिक महत्त्व देतो.

अशी यंत्रं या क्षेत्रात फार ठिकाणी नव्हती. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतलं खरवडणं आणि धुणं ही शस्त्रक्रिया अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांवर होत होती, प्रत्येकीचा खर्च ५,००० डॉलरच्या घरात. रुग्ण बरं वाटतंय म्हणत, सर्जन समाधानी. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले होते: एकाचा गुडघा खरवडला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला त्वचेवर छेद तेवढे दिले. या तिसऱ्या गटातल्या माणसालाही टेबलावर घेतलं, सर्जनने एकेक हत्यार मागितलं, पाय वाकवला, धुतल्याचा आवाज यावा म्हणून मिठाचं पाणीही शिंपडलं. दोन वर्षं तिन्ही गटांच्या दुखण्याची नोंद ठेवली. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं खोट्या शस्त्रक्रियेवाल्यांपेक्षा कमी झालेलं नव्हतं. २००९ मध्ये पिचकलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या दोन चाचण्या एकाच अंकात आल्या आणि दोन्हींचं उत्तर तसंच होतं. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये गुडघ्यातल्या वयोमानाने फाटलेल्या मेनिस्कसचा (कूर्चेच्या गादीचा) तुकडा कापण्याबाबत १४६ रुग्णांवर तेच दिसलं. या उपचारांच्या मागे शरीररचनेचं ज्ञान नव्हतं असं मुळीच नाही. फाटलेलं दिसतंय, दुखतंय, मग फाटलेलं काढावं, हा तर्क कोणालाही पटेल असाच होता. तुलना करायला कोणी थांबलं नव्हतं, इतकंच.

यावरचा आक्षेप तयार असतो, आणि तो हलका नाही. रुग्णाला खोटी चीर देणं कोणत्या नीतीत बसतं? आणि ज्याचा गुण डोळ्यांना दिसतो त्यालाही चाचणी हवीच का? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २००३ मध्ये थट्टेने विचारलं होतं की विमानातून उडी मारताना पॅराशूट उपयोगी पडतं, याचा चिठ्ठ्या टाकून केलेला पुरावा कुठे आहे? (त्याच नियतकालिकात २०१८ मध्ये ती चाचणी खरोखर आली. २३ जणांनी उड्या मारल्या, पॅराशूट असो वा नसो, कोणाला काही झालं नाही. विमान जमिनीवर उभं होतं.) आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस खुबा बदलल्यावर काही दिवसांत चालू लागतो, तिथे खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणं मूर्खपणाचं ठरेल. मात्र दुखणं कमीजास्त होत राहणारं, डॉक्टरच्या शब्दाने निम्मं ओसरणारं असेल, तिथे डोळ्यांचा पुरावा फसवतो. राहिली नीती. १८० जणांपैकी एका गटाला, त्यांची संमती घेऊन, त्वचेवर छेद देणं अनीतीचं असेल, तर दर वर्षी साडेसहा लाखांना विनातुलना खरा छेद देणं कोणत्या खात्यात टाकायचं?

चाचणी जिथे शक्य नाही तिथे निदान वही तरी ठेवता येते. स्वीडनने गुडघ्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून आणि खुब्याची १९७९ पासून सुरू केली. कोणत्या रुग्णाला कोणता सांधा बसवला, तो कधी बदलावा लागला, एवढंच साधं टिपण. काम कारकुनी आणि कंटाळवाणं. बहुधा म्हणूनच इतर बऱ्याच देशांना ते सुचायला वीस वर्षं लागली. त्याची किंमत कळली ती धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांच्या वेळी. ए.एस.आर. नावाचा असा सांधा २००३ पासून बाजारात होता. जुन्या सांध्यांशी मिळताजुळता आहे एवढ्यावर अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला रुग्णांवरच्या चाचणीविना परवानगी मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ पासून त्याचे आकडे खटकू लागले. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांत आठापैकी एक सांधा बदलावा लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला. तोवर सुमारे ९३,००० जणांच्या शरीरात तो बसला होता.

उद्योजकतेच्या अभ्यासाची अडचण याहून वेगळ्या जातीची आहे. फसलेला सांधा निदान दुखतो. फसलेला उद्योग पाटी उतरवतो आणि आकडेवारीतून नाहीसा होतो. मग उरलेल्या यशस्वी मंडळींचे गुण गोळा करायचे आणि त्यांना यशाची कारणं म्हणायची, हा या विषयाचा जुना रोग. जिम कॉलिन्सच्या २००१ च्या गाजलेल्या पुस्तकात 'चांगल्याकडून महानतेकडे' गेलेल्या ११ कंपन्या होत्या. त्यांतली सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक अजून खपतं. या मानाने डेव्हिड मॅक्लेलँडचं काम मला अधिक प्रामाणिक वाटतं. १९६१ मध्ये त्याने मांडलं की कर्तृत्वाची ओढ ज्या समाजात जास्त, तो पुढे जातो. आणि नुसतं मांडून न थांबता १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना ती ओढ वाढवण्याचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. त्याच्या निष्कर्षांवर वाद झाले, नमुना लहानच होता. तरीही ते प्रशिक्षण आपल्या उद्योजकता विकास कार्यक्रमांत जाऊन बसलं आणि मूळ प्रयोगाची फेरतपासणी मागे पडली.

आता तारापूर. २००८ च्या सुमारास निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्या घेतल्या. कौटुंबिक मालकी, प्रत्येकीत काहीशे कामगार. त्यांनी टिपलेली दृश्यं औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या कोणालाही ओळखीची वाटतील: सुताच्या गोण्या इतक्या उंच रचलेल्या की मागच्या गोणीला हात पोचत नाही, निरनिराळ्या रंगांचं सूत एकात एक मिसळलेलं, त्यावर ना चिठ्ठी ना ओलीपासून आडोसा, दबून कामातून गेलेले कोन, सुट्या भागांचा ढीग. सगळ्या कंपन्यांची एक महिना पाहणी झाली. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ११ कंपन्यांना पुढचे चार महिने सल्लागारांनी ३८ साध्या सवयी लावायचा प्रयत्न केला. दोष कुठे झाला ते रोज लिहा, माग बिघडण्याआधी तपासा, साठा मोजा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना आपल्याकडे दोष फार आहेत हेच माहीत नव्हतं, कारण शेजारच्या कारखान्यातही तेवढेच होते. कंपनी किती मोठी होणार, याचा सर्वांत चांगला अंदाज घरात कर्ते पुरुष किती यावरून येत होता. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायला कोणी राजी नव्हतं. याहून महत्त्वाचं म्हणजे संशोधक जवळपास नऊ वर्षांनी परत गेले. लावलेल्या सवयींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, विशेषतः जिथे कारखान्याचा व्यवस्थापक बदलला होता तिथे. तरी सल्ला न मिळालेल्या कंपन्यांपेक्षा या अजून पुढेच होत्या. आपण सांगितलेला उपचार नऊ वर्षांनी कितपत टिकला हे पाहायला जाणं सर्जनांतही दुर्मीळ आहे.

गेल्या वीस वर्षांत या विषयाने अशी बरीच उत्तरं पचवली. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत सूक्ष्मकर्जाचा प्रयोग झाला तेव्हा धंद्यात गुंतवणूक वाढली, घरखर्चाची ऐपत मात्र सरासरीने वाढली नाही. नफा वाढला तो आधीच बऱ्या चाललेल्यांचा. व्यवसाय प्रशिक्षणाने विक्री आणि नफा ५ ते १० टक्के वाढतो, असा अर्थतज्ज्ञ मॅकेन्झीचा २०२१ चा आढावा सांगतो, म्हणजे परिणाम आहे पण चमत्कार नाही. नायजेरियात सुमारे २४,००० अर्जांतून निवडलेल्यांना सरासरी ५०,००० डॉलर दिले, तेव्हा धंदे टिकले आणि रोजगार वाढला. पण परीक्षकांनी प्रकल्प आराखड्यांना दिलेल्या गुणांवरून पुढे कोण चालेल हे ओळखता येत नव्हतं. आपल्याकडच्या स्टार्टअप स्पर्धांच्या परीक्षकांनी हे वाचायला हरकत नाही. कॉलेज सोडलेल्या विशीतल्या पोराचं चित्रही असंच विरलं: अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचं कंपनी काढतानाचं सरासरी वय ४५ निघालं.

यावर उद्योजकतेतले जाणकार म्हणतात, सरासरी घेऊन काय करायचं? हजारातला एक जग बदलतो, आणि तो सरासरीत दिसतच नाही. शिवाय इलेक्ट्रॉन निबंध वाचून वागणं बदलत नाही, माणूस बदलतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हजारातला एक आधी ओळखता येत नसेल, तर त्याच्या सवयी उरलेल्या ९९९ जणांना विकणाऱ्याकडे सांगण्यासारखं काय उरतं? तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो: सतत 'नाही' विचारत राहिलं तर धाडसी कल्पना बाळपणीच मरतील, हिग्जला अठ्ठेचाळीस वर्षं कोणी दिली असती? उत्तर त्याच उदाहरणात आहे. हिग्जच्या कणाला वेळ मिळाला, कारण तो सापडला नाही तर काय मानायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि थांबण्याचा भुर्दंड तिऱ्हाइतावर पडत नव्हता. जिथे तो पडतो तिथे एवढी मोकळीक देता येत नाही. याचा पडताळा हाडं आणि धंदा एकत्र येतात तिथे मिळतो. मार्शल युरिस्टने १९६५ मध्ये दाखवलं की हाडातल्या एका द्रव्याने नवं हाड उगवतं. त्यातून निघालेलं प्रथिन मणके जोडायला २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कंपनीच्या खर्चाने झालेल्या सुरुवातीच्या १३ निबंधांत, ७८० रुग्णांत, त्या प्रथिनाचा त्रास शून्य नोंदला होता. २०११ मध्ये मणक्याच्या सर्जनांच्याच नियतकालिकाने ते निबंध पुन्हा तपासले आणि त्रासाचं प्रमाण बरंच असल्याचं छापलं. मग येल विद्यापीठाच्या पुढाकाराने मूळ आकडे दोन स्वतंत्र गटांना मिळाले. २०१३ मध्ये दोघांनीही सांगितलं की रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा वापरण्यापेक्षा यात फारसा फायदा नाही. शास्त्र तेच, रुग्णही तेच होते. आकडे कोणाच्या कपाटात आहेत, तेवढं बदललं होतं.

भारतात गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा आली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला आणि त्याची चर्चा घरोघरी झाली. सांधा किती वर्षं टिकला याची नोंद मात्र अजून सर्जनांच्या मर्जीवर आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने ए.एस.आर.च्या चौकशीसाठी समिती नेमली. इथे त्या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. भरपाई द्यायची म्हणून रुग्णांचा शोध घेतला तेव्हा पत्ता लागला तो जेमतेम हजारभर जणांचा. बाकी साडेतीन हजारांहून अधिक जणांच्या खुब्यात तो धातूचा गोळा अजून घासतो आहे की कधीच बदलून झाला, हे त्या समितीला कळू शकलं नाही.